नोकरी करणाऱ्या पत्नीला पोटगी मिळते का, आणि मुलाच्या खर्चाचे काय?

आपले पती दीड वर्षापासून वेगळे राहतात, आपल्याला २२,००० रुपये पगार आहे, मुलगा आठ वर्षांचा आहे आणि माहेरची माणसे सांगतात की ‘त्याच्याकडे काही मागू नकोस, आम्ही आहोत’. अशा स्थितीत पोटगी मिळेल का आणि किती, असे आपण विचारले आहे. माहेरच्यांचे हे बोलणे वाचले नसते, तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

मार्च २०१८ मध्ये मुलीला घेऊन मी माहेरी आले, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने हेच शब्द उच्चारले होते. पोटगी म्हणजे भीक, असे त्याचे ठाम मत होते आणि आजही आहे. त्याच्या मायेविषयी मला शंका नाही. मात्र पुढच्याच वर्षी त्याने घरासाठी कर्ज काढले, वहिनींचे बाळंतपण झाले, आणि माझ्या मुलीच्या शाळेची फी भरण्याची वेळ आली की घरात सगळे जण एकाएकी गप्प होऊ लागले. जून २०२१ मध्ये त्याला न सांगता मी कौटुंबिक न्यायालयात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज केला. (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे.)

‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालामुळे पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. माझ्या पतीचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे आणि त्यातला बराचसा व्यवहार रोखीचा आहे. त्यांनी प्रतिज्ञापत्रात मासिक उत्पन्न १४,००० रुपये लिहिले. सुदैवाने आम्ही एकत्र राहत असताना त्यांनी गाडीसाठी केलेल्या कर्जाच्या अर्जाची झेरॉक्स माझ्या कागदांत राहिली होती, आणि तिच्यावर त्यांच्याच सहीने ५८,००० रुपये उत्पन्न लिहिलेले होते. माझ्याकडे दुसरी वस्तू होती ती दोनशे पानी वही. शाळेची फी, रिक्षावाले काका, दातांचे डॉक्टर, सगळ्या पावत्या मी तिच्यात खळीने चिकटवल्या होत्या. उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी १,४५० रुपयांच्या चष्म्याच्या पावतीवर बोट ठेवून विचारले, ‘मुलीला दरवर्षी नवा चष्मा लागतो का?’ मी म्हटले, ‘नंबर वाढला की लागतो.’ त्यानंतर त्या वहीविषयी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आदेश झाला. माझा पगार माझ्यापुरता पुरेसा आहे, असे म्हणून न्यायालयाने मला काहीही मंजूर केले नाही. मुलीला महिना ९,००० रुपये मंजूर केले, तेही अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे १९ महिन्यांची १,७१,००० रुपये थकबाकी धरून. वसुलीच्या अर्जावर वॉरंट निघाले तेव्हा कुठे ती रक्कम भरली गेली. परंतु मार्च २०१८ ते जून २०२१ या ३९ महिन्यांचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण त्या काळात माझा अर्जच नव्हता. दरमहा ९,००० प्रमाणे ते ३,५१,००० रुपये होतात. हा भावाच्या स्वाभिमानाचा खर्च होता आणि तो माझ्या मुलीने भरला. त्याला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा ‘पैशांत सगळे मोजायचे नसते’ असे म्हणून तो उठून गेला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की अर्ज या महिन्यात करावा, आणि मुलाची मागणी स्वतःच्या मागणीपासून वेगळी मांडावी. नोकरी आहे एवढ्याच कारणाने पत्नीची पोटगी नाकारता येत नाही. ते उत्पन्न सासरच्या राहणीमानाच्या मानाने पुरेसे आहे का, हे न्यायालय पाहते, आणि माझ्या बाबतीत ते माझ्या विरुद्ध गेले. मुलाचा हक्क मात्र आईच्या पगारामुळे संपत नाही. रकमेला ठरलेले सूत्र नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के, असे जे सर्रास सांगितले जाते, ते २०१७ च्या एका निकालात त्या प्रकरणापुरते योग्य मानले गेले होते; तो नियम नव्हे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आपण दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत आहोत, अशा मजकुराच्या स्टॅम्पपेपरवर सही करू नये. कलम १४४ खाली पत्नीचा हक्क त्यामुळे जातो, मुलाचा जात नाही. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. थकबाकीपोटी तुरुंगवास झाला तरी देणे फिटत नाही. याच कलमाखाली मुलाची पोटगी साधारणतः अठराव्या वर्षी थांबते. अविवाहित हिंदू मुलीला त्यानंतरही १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याचा आधार आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली पतीही पत्नीकडे पोटगी मागू शकतो, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

भाऊबीजेला भाऊ तबकात जे पाकीट ठेवतो, ते मी आजही आनंदाने घेते. ती ओवाळणी आहे, आणि ती किती असावी हे त्याने ठरवायचे. मुलीचे ९,००० रुपये किती असावेत, हे ना त्याने ठरवायचे होते, ना मी.