मिटलेला आरसा

चि. शेजारणीस,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी चहाच्या वेळी वाचला. एवढा लांबलचक मेसेज अंगठ्यानं टाइप केलास, म्हणजे रडणं किती वेळ चाललं असेल याचा अंदाज आला. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो काकू, हो काकू’ करून विषय मिटवतेस. म्हणून पत्र.

मेसेज दोनदा वाचला. सवयीप्रमाणे हातात पेन होतं. नळ स्टॉपला सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली, हे त्यात चार वेळा आलंय. मागच्यानं हॉर्न वाजवला, हे तीन वेळा. ‘मी मठ्ठ आहे’ दोन वेळा. आणि त्या दिवशी तुझ्या हातून जी खरी चूक झाली, तिचा उल्लेख एकदाही नाही.

ती मला कशी कळली? तुम्ही परत आलात तेव्हा मी गेटपाशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. वॅगनार आत शिरली. बाबा चालवत होते, तू शेजारी मान खाली घालून बसली होतीस, आणि डावा आरसा मिटलेला होता. पार्किंगमधल्या खांबाला घासू नये म्हणून तुमच्याकडे तो मिटवून ठेवतात, हे मला ठाऊक आहे. तो तसाच घेऊन तू कर्वे रोडनं नळ स्टॉपपर्यंत गेलीस, तिथून डावीकडे लॉ कॉलेज रोडला वळलीस, आणि पुढे बाबा गाडी तशीच परत घेऊन आले. ‘लक्ष कुठंय तुझं?’ असं ज्यांनी विचारलं, तेच बाबा.

आता तूच सांग. गाडी बंद पडल्यानं कुणाचं काय गेलं? फार तर सात-आठ सेकंद. आणि डावा आरसा नसताना डावीकडे वळल्यानं? आपल्या पुण्यात सिग्नलला गाडी आणि फुटपाथ यांच्यात हातभर फट दिसली की तिथं दोन स्कूटर आणि एक पिझ्झावाला येऊन उभे राहतात. त्यातल्या एकाचा गुडघा गेला असता. नाही गेला, म्हणून तुला कळलंही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुझ्या डोक्यात जो परीक्षक बसलाय तो कडक आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तो पेपर चुकीचा तपासतो. ज्या चुकीचा आवाज होतो, जी चारचौघांना दिसते, तिचे तो दहा मार्क कापतो, आणि जी मुकाट्यानं होते तिच्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. ‘स्वतःला बोल लावू नकोस’ असा उपदेश मी करणार नाही, कारण तो कुणालाच जमत नाही. त्या परीक्षकाला उत्तरपत्रिका नीट वाचायला लाव.

माझंच सांगते. २००९ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. गाडी दारात आल्यावर तिसऱ्याच दिवशी सोसायटीच्या गेटचा खांब घासला. त्या ओरखड्यापायी मी दोन महिने किल्लीला हात लावला नाही. ह्यांनी चकार शब्द काढला नाही, तो तर आणखीच लागला. पुढे केव्हातरी समजलं, की त्याच आठवड्यात एका रात्री मी अख्खा सिंहगड रोड अप्पर लाइट लावून गेले होते. समोरचे डिप्पर मारत होते आणि मला वाटत होतं, लोक किती उद्धट आहेत! खांबासाठी दोन महिने शोक, आणि समोरच्या किती जणांचे डोळे दिपवले त्याचा पत्ताच नाही.

त्या दोन महिन्यांत आणखी एक झालं. भीती कमी होईल म्हणून थांबले, ती वाढली. यात नवल नाही. घाबरून आपण निघून जातो तेव्हा शरीराला एकच धडा मिळतो : पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आधीच धडधडायला लागतं. तू लॉ कॉलेज रोडला गाडी बाबांच्या हातात दिलीस, त्याला आज बारा दिवस झाले. म्हणून ही घाई.

आधी एक हिशेब कर. ड्रायव्हिंग स्कूलला तू वीस दिवस गेलीस, रोज अर्धा तास. म्हणजे सगळे मिळून दहा तास. त्यातही शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक होता. गाडी बंद पडणार असं दिसलं की ते गुपचूप क्लच दाबत होते. तुला वाटलं तुला जमतंय. ते थोडं खरं होतं, थोडं सरांच्या डाव्या पायाचं होतं. भोसरीच्या ट्रॅकवर पास झालीस हेही खरं, पण ट्रॅकवर पीएमपीची बस अंगावर येत नाही. तेव्हा घरच्या गाडीत ‘सगळं विसरले’ असं वाटलं ते विसरणं नव्हे. तो भाग तू शिकलीच नव्हतीस.

गाडी बंद पडली की करायचं काय, ते एकदा घोकून ठेव. ब्रेकवर पाय, क्लच पूर्ण आत, गिअर न्यूट्रलला, किल्ली, पहिला गिअर. मग क्लच सावकाश सोडत हाफ क्लचला यायचं. इंजिनाचा आवाज जरासा खाली बसतो आणि पुढचं तोंड किंचित उचलल्यासारखं होतं, तिथं पाय थांबवायचा. दोन अंक मोजायचे. मग ब्रेक सोडायचा. गाडी आपणहून सरकते, की बेतानं रेस द्यायची. चढावर हेच हँडब्रेक ओढून करायचं आणि गाडी पुढे ओढ घेतेय असं जाणवलं की तो सोडायचा. भुसारी कॉलनीच्या पुढे चांदणी चौकाकडे चढताना रोज शेकडो जण हेच करतात. पाय लटपटतो म्हणालीस ना? टाच जमिनीला टेकव. पाय अधांतरी ठेवला की घाबरलेला स्नायू थरथरतोच. आणि श्वास घेतेस त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव; त्यानं छातीची धडधड उतरते. मात्र हे सगळं करताना रस्त्यावरची नजर काढायची नाही.

हॉर्नचं म्हणशील, तर तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलेल्या बाईकडून एक प्रयोग ऐकल्याशिवाय तुझी सुटका नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका विद्यार्थ्याला, ज्याची त्याला लाज वाटेल अशा एका गायकाचं भलंमोठं चित्र असलेला टी-शर्ट घालून, इतर मुलं बसली होती त्या खोलीत पाठवलं. त्याला वाटायचं, निम्म्या मुलांनी तरी चित्र पाहिलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव मुलांना ते सांगता आलं. २००० साली हे छापून आलं. नळ स्टॉपचा तो हॉर्नवाला तर त्या मुलांहूनही घाईत होता. आपल्याकडे सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न वाजतो. तो तुझ्यासाठी नसतो, सिग्नलच्या खांबासाठी असतो.

आता मी ज्यानं सुधारले ती युक्ती. गाडी चालवताना जे दिसतं ते मोठ्यानं बोलायचं. ‘पुढे रिक्षा, डावीकडे थांबेल. आजोबा डिव्हायडरवर उभे, उतरतील. डावा आरसा, स्कूटर येतेय, जाऊ दे.’ मी वर्षभर अशी बडबडत फिरले. ह्यांना आधी काळजी वाटली, नंतर सवय झाली. तोंड रस्त्याबद्दल बोलत असलं की ‘मी मठ्ठ आहे’ म्हणायला जागा उरत नाही. शिवाय आपण काय बघत नाही तेही कानावर येतं. पाच मिनिटांत ‘डावा आरसा’ एकदाही ऐकू आला नाही, तर समज.

चुकांचा हिशेब गाडीत मांडायचा नाही. एक चूक उगाळत बसलं की पुढच्या दहा सेकंदांत दुसरी होते. घरी आल्यावर, किल्ली खुंटीला लावल्यावर, वहीत दोन ओळी लिही. पहिली : आज माझ्यामुळे कुणाला लागलं असतं का? दुसरी : आज मी काय बघितलं नाही? लाज वाटली का, हा प्रश्न वहीत नको. रात्री पावणेबाराला मेसेज करण्यापेक्षा हे बरं. मलाही झोप लागते.

रस्ते क्रमानं घेऊ. आधी मयूर कॉलनीच्या गल्ल्या. मग म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतचा डीपी रोड, सकाळी लवकर. मग दहाच्या गर्दीचा कर्वे रोड. त्यानंतर एफसी रोड. तो वन वे आहे, समोरून कुणी अंगावर येत नाही. आपलं पुणं आहे म्हणून ‘सहसा येत नाही’ म्हणते. लक्ष्मी रोडला गाडी न्यायची गरजच काय? तिथं मीसुद्धा रिक्षानं जाते. चांदणी चौकात २०२३ पासून इतके रॅम्प झालेत, की जुनी माणसंही मुळशीला जायच्या ऐवजी भलतीकडे उतरतात. रॅम्प चुकला तर पुढे जायचं आणि वळून यायचं. ब्रेक मारायचा नाही, रिव्हर्स तर नाहीच.

आणि हायवेवरचा नवले पुलाचा उतार इतक्यात नको. डिझेल वाचवायला काही ट्रक तिथं न्यूट्रलवर उतरतात. मग इंजिनाचा अडसर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. त्या उताराची तुला भीती वाटते असं लिहिलंयस, आणि तिलाही भित्रेपणात धरलंयस. ती भीती शहाणी आहे, तिला जवळच ठेव.

गाडीचा विषय नसतानाही छाती धडधडत असेल, झोप उडत असेल, तर मात्र माझं पत्र पुरायचं नाही. मग एखाद्या समुपदेशकाला गाठू, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहेच. त्यात कमीपणा काही नाही. मी विद्यार्थ्यांना पाठवायचे, एकदा स्वतःही गेलेय.

बाबांशी मी बोलते. आरशाचं सांगणार आहे त्यांना, पण चहा पाजून.

रविवारी सकाळी साडेसहाला खाली ये. आपण दोघीच. डीपी रोडला दोन फेऱ्या, मग नळ स्टॉपचा तोच सिग्नल, तेच डावं वळण, तीन वेळा. बंद पडली तर पडू दे, मी थर्मासमध्ये चहा आणतेय. एक मात्र आधीच सांगते. निघताना डावा आरसा उघडायची आठवण मी करणार नाही.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू