रेकॉर्डवर स्पिरिट टाकू काय जी?

प्रश्न (दर्यापूर तालुक्यातून): माह्या बाबाचा लाउडस्पीकरचा धंदा होता जी, लग्न असो का पोळा, आजूबाजूच्या गावांत त्यायचाच भोंगा वाजे. आता माळ्यावरून दोन पेट्या भरून रेकॉर्डी निघाल्या, वरून पांढरी बुरशी अन् धुळीचा थर. मेडिकलवाला म्हणते स्पिरिटनं पूस, बायको म्हणते नळाखाली धर. कोणाचं ऐकू?

उत्तर: भाऊ, सध्या दोघांचंही नका ऐकू. आधी पेटीतल्या रेकॉर्डी दोन ढिगांत वेगळ्या करा. जी जड आहे, वाकवायला गेलं तर कडक लागते आणि लेबलवर ७८ (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे) लिहिलंय ती लाखेची, आणि जी हलकी, थोडी लवचिक, ३३ किंवा ४५ची, ती व्हिनाइलची म्हणजे प्लॅस्टिकची. एलपी, म्हणजे ३३ची मोठी व्हिनाइल रेकॉर्ड, १९४८मध्ये अमेरिकेत आली पण आपल्याकडे साठच्या दशकातही ७८च्या रेकॉर्डी निघतच होत्या, त्यामुळे भोंगेवाल्यांच्या पेटीत दोन्ही सापडतात.

हे एवढं आधी का सांगतोय, तर लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट म्हणजे सरळ विष आहे. तुमच्या गावचा जुना सुतार फर्निचरला पॉलिश कसं करायचा आठवा, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. पळसावर, बोरीवर जो लाखेचा किडा वाढतो त्याचीच ती लाख, आणि ७८च्या रेकॉर्डमध्ये दगडाची भुकटी वगैरे मिसळून तीच दाबलेली असते. म्हणजे स्पिरिटचा बोळा फिरवला की गाण्याची खाचच विरघळायला लागते, कापसावर जो काळा रंग येतो तो मळ नसतो भाऊ, रेकॉर्ड असते. सॅनिटायझरचंही तेच.

आता नळाचं पाणी. तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता, तुमच्या बोअरचं पाणी वाळलं की भांड्यावर पांढरे डाग पडतात ना, तेच क्षार खाचेत बसतात आणि मग धुतल्यावर रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त कडकड करते आणि माणूस म्हणतो धुऊन खराब झाली. इन्व्हर्टरच्या दुकानात बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आणा, स्वस्त आहे, फक्त कॅनवर नीट वाचा, बॅटरीचं ॲसिड पण त्याच दुकानात असतं!

करायचं असं की आधी कोरडाच मऊ ब्रश फिरवून धूळ आणि बुरशी झटका, हे अंगणात करा आणि तोंडाला रुमाल बांधा. हे न करता ओलं फडकं लावलं तर मातीचे कण खाचेत घासत जातात. मग लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे चार-पाच थेंब, त्यात मायक्रोफायबरचं कापड भिजवून पिळून गोल गोल, खाचेच्या दिशेनेच पुसायचं, आडवं कधीच नाही. जुनं धोतर-टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. मधलं लेबल कोरडं राहू द्या, जुन्या लेबलची शाई लगेच पसरते. नंतर दुसऱ्या कापडाने नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा, कंटाळा करू नका, साबण राहिला तर तो सुईवर गोळा होतो. ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवा. लाखेच्या रेकॉर्डला पण हेच, फक्त भिजत ठेवू नका, ओलसर कापडाने पटकन पुसून लगेच कोरडी करा, आणि जिला तडा गेलाय किंवा कड फुटलीय तिला पाणी लावूच नका. बुरशी जास्त असेल तर दुसऱ्यांदा करावं लागेल. वाळल्यावर जुन्या कुबट कागदी पाकिटात परत घालू नका नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

एक मात्र आधीच सांगतो. भोंग्यावर वाजलेल्या रेकॉर्डींची खाच बऱ्याचदा झिजलेली असते, जड पिन आणि तीच पिन दहा-दहा गाण्यांना. पोलादी पिन खरं तर रेकॉर्डच्या एका बाजूला एक वापरायची वस्तू. टिकटिक-कडकड येत असेल तर तो मळ, धुऊन कमी होतो. पण गायकाने आवाज चढवला की फाटल्यासारखा येत असेल तर ती झीज, त्याला कुठलंच पाणी चालत नाही.

प्रश्न (हिंगणघाटजवळून): नागपूरहून जुना टर्नटेबल आणला. जवळच जिनिंग असल्यामुळे दोन गाण्यांतच सुईला कापसाचा पुंजका लागतो. मी फुंकर मारते किंवा बोटाने काढते. मिस्टरांनी सुईच्या वर रुपया ठेवलाय, सुई उडू नये म्हणून. चालेल का?

उत्तर: ताई, बोट नको आणि फुंकरही नको, फुंकरीत थुंकी जाते आणि ती धूळ चिकटवते. सुई ज्या बारीक दांडीवर बसलेली असते ती मागे रबरावर टेकलेली असते, चुकीच्या बाजूने ढकललं की दांडी वाकलीच. छोटा मऊ ब्रश घ्या आणि मागून पुढे, म्हणजे आर्मकडून (सुई धरणाऱ्या दांड्याकडून) तुमच्याकडे, हलकेच ओढा. उलटं नाही, आडवंही नाही. त्याआधी ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण बंद, नाहीतर स्पीकरमध्ये धाडधाड होतं. चिकट मळ असेल तर मॅजिक इरेझर म्हणून पांढरा स्पंज मिळतो, त्याचा छोटा तुकडा थांबलेल्या प्लॅटरवर (रेकॉर्ड फिरते त्या चकतीवर) ठेवा, लिव्हरने सुई अलगद त्यावर टेकवा आणि उचला, घासायचं नाही. सुईला स्पिरिटमध्ये बुडवू नका, ते वर चढून रबर खराब करतं. आणि वाजवून झालं की झाकण लावा, जिनिंगचा सीझन असताना तर न चुकता.

मिस्टरांना सांगा रुपया खिशात ठेवा. एलपीच्या बऱ्याच सुयांना दीड ते अडीच ग्रॅम वजन लागतं आणि रुपयाचं नाणंच तीन ग्रॅमच्या वर भरतं. सुई उडते कारण मळ आहे, आर्मचं वजन चुकलंय किंवा सुई संपलीय. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, जुन्या मशीनबरोबर आलेली किती वाजलीय देव जाणे, नवीनच घ्या. झिजलेली सुई साफ केली तरी ती रेकॉर्ड खातच राहते.

प्रश्न (चंद्रपूर जिल्ह्यातून): टिनाच्या घरात उन्हाळ्यात रेकॉर्डी वाकल्या. सरळ होतील?

उत्तर: दोन काचांमध्ये धरून उन्हात ठेवा असं कोणी सांगेल, नका करू, रेकॉर्ड सरळ दिसते पण खाच बिघडते. पुढच्या एप्रिलआधी उरलेल्या तरी माळ्यावरून उतरवून जमिनीजवळच्या कपाटात उभ्या ठेवा, आडवी थप्पी नको.

प्रश्न (कारंजा लाडहून): फेविकॉल ओतून वाळल्यावर सोलला की रेकॉर्ड नवी होते म्हणतात, खरं काय?

उत्तर: व्हिनाइलवर लोक करतात आणि मळ निघतो हे खरं आहे. पण थर पातळ पडला किंवा पूर्ण वाळला नाही तर तुकडे खाचेत अडकतात, मग बसा कोरत. लेबलला लागला तर लेबल गेलं. लाखेच्या रेकॉर्डवर अजिबात नाही, सोलताना कडच हातात यायची. करून पाहायचंच असेल तर जिच्यावर जीव नाही अशी एखादी एलपी घ्या.