सुई टोचणार असेल, तर मुलाला तसे सांगावे का?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतात. माझ्या पाच वर्षांच्या नातवाचे टॉन्सिल काढायचे ठरले आहे. रुग्णालयातील ‘चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट’ म्हणवणाऱ्या एक बाई त्याला भेटल्या. त्यांनी त्याला एक कापडी बाहुली आणि भूल देण्याचा मास्क हाताळायला दिला आणि ऑपरेशनच्या दिवशी काय काय होईल ते सगळे सांगितले. आम्ही आमच्या मुलांना असे कधी सांगितले नाही. एवढ्या लहान मुलाच्या मनात आधीच भीती घालण्यासारखे नाही का हे? या बाई डॉक्टर आहेत की समुपदेशक?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. या बाई डॉक्टर नाहीत आणि परिचारिकाही नाहीत. त्या औषध लिहून देत नाहीत, सुई टोचत नाहीत आणि हे मुद्दाम तसे ठेवलेले असते. रुग्णालयात निदान एक माणूस तरी असा असावा, की जो खोलीत आला म्हणजे आता काहीतरी दुखणार, असे मुलाला वाटू नये. बालविकासाचे शिक्षण घेतलेली आणि आजारपण, तपासण्या, ऑपरेशन यांसाठी मुलाच्या मनाची तयारी करून घेणारी ही व्यक्ती असते. (आपल्याकडे 1098 या क्रमांकामुळे परिचित असलेल्या ‘चाइल्डलाइन’शी नावाचे साम्य असले, तरी या कामाचा तिच्याशी संबंध नाही.)

या कामाचा पाया ज्या ठिकाणी घातला गेला, त्यांतील एक महत्त्वाचे रुग्णालय तुमचा नातू राहतो त्याच राज्यातले आहे. 1955 मध्ये क्लीव्हलँड सिटी हॉस्पिटलमध्ये डॉ. फ्रेडरिक रॉबिन्स यांनी एमा प्लँक या शिक्षिकेला बोलावून घेतले. पोलिओच्या विषाणूवरील संशोधनासाठी रॉबिन्स यांना आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. प्लँकबाई मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या. त्या काळी पोलिओ किंवा क्षयाची मुले महिनोन्‌महिने रुग्णालयात पडून असत आणि पुष्कळ ठिकाणी आईवडिलांना भेटीच्या ठरावीक वेळेपलीकडे आत येऊ देत नसत. रडणारे मूल काही दिवसांनी गप्प झाले, की ते रुळले असे समजत. खरे तर त्याने आशाच सोडलेली असे. खेळ, शिक्षण आणि विश्वासाचे माणूस यांची मुलाला उपचारांइतकीच गरज असते, या जाणिवेतून प्लँकबाईंनी तिथे कामाची घडी बसवली. ब्रिटनमध्येही 1959 मध्ये प्लॅट समितीने पालकांना मुलाजवळ राहू द्यावे, अशी शिफारस केली.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे वळते. सांगितल्याने भीती निर्माण होते, असे आपण धरून चालतो, पण भीती तिथे आधीच असते. घरात कुजबुज चालली आहे, आईचा चेहरा उतरला आहे, फोनवर ‘ऑपरेशन’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आहे, एवढ्यावरून पाच वर्षांचे मूल मनातल्या मनात आपली एक गोष्ट रचते आणि ती गोष्ट बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असते. टॉन्सिल काढले म्हणजे आपला आवाजच जाणार, रक्त तपासायला घेतले म्हणजे अंगातले सगळे रक्त संपणार, सलाईन लावले म्हणजे सुई दिवसभर हातात रुतून राहणार, अशा समजुती लहान मुलांमध्ये नेहमी आढळतात. सुई बाहेर काढून घेतात आणि आत फक्त मऊ प्लॅस्टिकची नळी राहते, हे बाहुलीच्या हातावर एकदा दाखवले, तर निम्मी धास्ती तिथेच सरते.

शब्दही जपून वापरावे लागतात. ‘तुला झोपवतील’ एवढेच सांगितले, तर मध्येच जाग आली तर काय, हा प्रश्न मुलाला छळतो. काही मुले त्यानंतर रात्री झोपायलाही घाबरतात. म्हणून ही रोजच्या झोपेहून वेगळी, औषधाने येणारी झोप आहे, काम पूर्ण होईपर्यंत डॉक्टर तिच्यावर लक्ष ठेवतात आणि नंतर तू जागा होतोस, असे सांगायचे असते. घसा दुखेल, हेही सांगायचे, आणि त्यासाठी औषध मिळेल, हेही. पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगणे पुरेसे असते. फार आधी सांगितले तर त्याला काळजी करायला वेळ मिळतो.

आपल्याकडे पूर्वापार दोन गोष्टी चालत आल्या आहेत आणि त्या मला मनापासून खटकतात. जेवत नाही म्हणून ‘थांब, डॉक्टरांना सांगून सुई टोचायला लावते’ असा बागुलबुवा उभा करायचा आणि प्रत्यक्ष दवाखान्यात नेताना मात्र ‘काही करणार नाहीत हं, मुंगी चावल्यासारखे होईल’ असे सांगायचे. ही फसवणूक मुलाच्या लक्षात यायला एकच सुई पुरते आणि मग त्याचा डॉक्टरांवरच नव्हे, आपल्यावरही विश्वास उरत नाही. आजी, तुम्ही नातवाशी मराठीत बोलत असाल, तर तिथल्या बाईंनी इंग्रजीत सांगितलेले तेच सगळे फोनवर तुमच्या मराठीत त्याला पुन्हा सांगा आणि त्याच्याकडूनही ऐकून घ्या. आजीलाही ठाऊक आहे आणि आजी घाबरलेली नाही, हे त्याला कळणे मोलाचे आहे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीवर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. रुग्णालयाचे फाटक दिसताच ती किंचाळू लागते. सुईच्या वेळी चौघांना धरावे लागते. आमच्याकडे अशी तज्ज्ञ व्यक्ती नाही. आम्ही काय करावे?
– एक वडील, नाशिक

उत्तर : मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. सुया, मणक्यातून पाणी काढणे, सलाईन हे सगळे पुन्हा पुन्हा होते, त्यामुळे आजच्या अनुभवाची आठवण उद्याच्या सुईवर पडते. म्हणून पहिला बदल धरण्याच्या पद्धतीत करा. आडवे पाडून हातपाय दाबले की मुलाला आपण पूर्ण हतबल आहोत असे वाटते. त्याऐवजी परिचारिकेला विचारून मुलीला तुमच्या मांडीवर, छातीशी छाती लावून बसवा आणि कवेत घ्या. तिचा एक हात बाजूला मोकळा राहतो, त्यात सुई देता येते आणि बाकी शरीर तुमच्या मिठीतच स्थिर राहते. त्वचा बधिर करणारे मलम मिळते, ते साधारण तासभर आधी लावावे लागते. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

जिथे खरी निवड शक्य आहे, तिथे ती मुलीकडे सोपवा : डावा हात की उजवा, बघायचे की तोंड फिरवायचे, आकडे मोजायचे की साबणाचे फुगे उडवायचे. ‘टोचू का?’ असे मात्र विचारू नका, कारण तिच्या ‘नाही’ला तुम्ही मान देऊ शकणार नाही. त्या वेळी खोलीत एकानेच बोलावे. आई, आत्या, परिचारिका सगळ्या एकदम धीर देऊ लागल्या की गलका होतो. ‘रडू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘रड, फक्त हात हलवू नकोस’ हे सांगणे न्यायाचे आहे.

घरी सुई नसलेली नवी सिरिंज, कापूस, पट्टी आणि एक बाहुली तिला द्या आणि तिला डॉक्टर होऊ द्या. ती बाहुलीला दहादा टोचेल, रागावेलही. तिला अडवू नका. बाहुली का रडते आहे, असे विचारले, तर मुलीच्या मनातले पुष्कळ बाहेर येते. ‘आइस्क्रीम खाल्ले म्हणून मी आजारी पडले’ असे काही निघाले, तर तिची काही चूक नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. घरात भावंड असेल, तर त्यालाही सांगा. भांडताना रागाने बोललेल्या शब्दांमुळे बहीण आजारी झाली, असे मानून गप्प बसलेली भावंडे असतात.

प्रश्न : मी पुण्यात मानसशास्त्रात पदवी घेते आहे. मला हे काम शिकायचे आहे. त्यासाठी काय लागते?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अमेरिकेत ‘असोसिएशन ऑफ चाइल्ड लाइफ प्रोफेशनल्स’ ही संस्था प्रमाणपत्र देते. पदवी, नेमून दिलेले विषय, रुग्णालयातील किमान 600 तासांची उमेदवारी आणि परीक्षा असा त्याचा क्रम आहे. तुम्ही आतापासूनच बालविकासाचे विषय घ्या आणि एखाद्या बालरोग विभागात परवानगी काढून स्वयंसेवक म्हणून नियमित जा. फुगे आणि बाहुल्या हा या कामाचा एकच भाग आहे, हे तिथे लवकरच दिसेल. एखादे मूल वाचणार नसते, तेव्हा त्याच्या हाताचा रंगीत ठसा कागदावर घेऊन आईवडिलांना देणे आणि त्याच्या धाकट्या भावाला निरोप कसा घ्यायचा ते समजावणे, हेही याच व्यक्तीकडे येते.