वार (प्लॅसेंटा) एकच असलेल्या जुळ्यांसाठी दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी खरोखर लागते का?

आपल्या पत्नीच्या पोटातील जुळ्यांची वाढ उत्तम असताना, केवळ वार एकच आहे म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करावी का, असे आपण विचारले आहे. गर्भवतींची सोनोग्राफी हे माझे रोजचे काम आहे आणि माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे.

सामायिक वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकदा ही देवाणघेवाण समतोल राहते. परंतु अशा सुमारे १० ते १५ टक्के गरोदरपणांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाऊ लागते. देणाऱ्या बाळाला लघवी कमी होऊन त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते, तर घेणाऱ्याभोवती ते वाढत जाते. म्हणून वजने समाधानकारक असली तरी आम्ही पाणी मोजतो. पाण्याच्या सर्वांत खोल कप्प्याची उभी खोली एका पिशवीत २ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी आणि दुसरीत ८ सेंटीमीटर किंवा अधिक (विसाव्या आठवड्यानंतर अनेक ठिकाणी १० धरतात) भरली, की या असमतोलाचे निदान पक्के होते.

पाणी फारच आटले, तर मधला पातळ पडदा बाळाच्या अंगाला इतका चिकटतो की तो दिसेनासा होतो आणि घाईने पाहणाऱ्याला दोन्ही बाळे एकाच पिशवीत आहेत असे वाटते. अशा वेळी मी आईला कुशीवर वळायला सांगतो; मोकळे बाळ खाली सरकते, पडद्यात आवळलेले मात्र गर्भाशयाच्या भिंतीलाच लागून राहते. त्याचे मूत्राशय दिसले नाही, तर ते नुकतेच रिकामे झालेले असू शकते, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे लागते. तेव्हाही दिसले नाही, तर आजार पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो.

रक्ताच्या असमतोलाचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. पाणी दोन्हीकडे ठीक असूनही एका बाळाला रक्तक्षय होतो व दुसऱ्याचे रक्त दाट होते. हे बहुधा मेंदूच्या मधल्या धमनीतील रक्ताचा वेग डॉपलरने (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीने) मोजल्यावरच कळते. तो मोजला जातो का, हे आपण अवश्य विचारावे.

गर्भजलातील तफावत वेळेत सापडल्यास, साधारण सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान, त्या जोडवाहिन्या दुर्बिणीतून लेसरने बंद करता येतात. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पोट एकाएकी ताणले गेले किंवा धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.