वाचकांचे प्रश्न: घरामागे वेगळे वर्कशॉप बांधावे का?

या वेळची बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत. घराला न जोडलेले, गॅरेजएवढे छोटे वर्कशॉप बांधावे की नाही, आणि बांधायचेच तर कुठे हात आखडता घेऊ नये?

प्रश्न: सध्या गाडीच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. दर वेळी गाडी बाहेर काढायची, मशीन ओढून आणायची, मग सगळे आवरून ठेवायचे. घरामागे १२ बाय २० फूट जागा मोकळी आहे. वेगळे वर्कशॉप बांधण्याइतका फायदा होईल का?

आधी मांडामांडीत किती वेळ जातो ते मोजा. पुढचे दोन महिने कामाच्या जागी एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तीन आकडे लिहा: मांडायला किती मिनिटे, प्रत्यक्ष कामाला किती, आवरायला किती. काम करायचे ठरवूनही झाले नाही, तर त्याचे कारण लिहा. दोन तासांतला पाऊण तास मांडण्या-आवरण्यातच जात असेल, तर वर्कशॉप तेवढा वेळ नक्की वाचवेल. पण वहीत ‘आज वेळच मिळाला नाही’ याच नोंदी जास्त निघाल्या, तर नव्या चार भिंतींनी काहीही बदलणार नाही.

वही भरत असतानाच मशीनना ब्रेक असलेली चाके लावून पाहा, भिंतीला दुमडते टेबल बसवा, हाताची अवजारे डोळ्यांसमोर टांगा. एवढ्याने मांडामांडी दहा मिनिटांवर आली तर बांधकामाचा विषय तिथेच संपतो. काही कामे मात्र चाकांनी सुटत नाहीत. फेविकॉल लावून क्लॅम्पमध्ये आवळलेली चौकट रात्रभर हलवता येत नाही. पॉलिश सुकताना शेजारी कर्वत चालवता येत नाही. जड लेथ किंवा रंधा मशीन एकदा समपातळीत बसवले की ते सरकवायचे नसते. अशा नोंदी वहीत वारंवार दिसल्या तर बांधा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घराला जोडून बांधण्यापेक्षा सुटे बांधणे चांगले, कारण लाकडाची बारीक धूळ आणि थिनरचा वास दाराच्या फटीतून घरात शिरतोच. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. आवाजाचेही तसेच आहे. रंधा मशीनचा आवाज जवळून ९५ डेसिबलच्या आसपास असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे एक मीटरवरचे ९५ डेसिबल आठ मीटरवर ७७ होतात. भिंतीमुळे आणखी घट होते ती वेगळी.

एक अट मात्र आहे: गाडी पुन्हा त्यातच ठेवणार असाल तर बांधू नका. आरशांसह गाडीची रुंदी पावणेदोन ते दोन मीटर धरा. १२ फूट, म्हणजे ३.६५ मीटर रुंदीत गाडी उभी राहिली की दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम पावणेदोन मीटर उरतात. गाडीच्या किरकोळ दुरुस्तीला तेवढे पुरतात, सुतारकामाला नाही. शिवाय पाया खणण्याआधी त्या जागेखालून सांडपाण्याची किंवा पाण्याची लाईन जात नाही ना, आणि कुंपणापासून किती अंतर सोडावे लागते, याची खात्री करून घ्या.

प्रश्न: १२ बाय २० पुरेल की नाही, हे कागदावर कळत नाही. कसे ठरवावे?

कागद सोडा, जमिनीवर आखा. फक्कीने बाहेरची रेघ मारा, भिंतीची जाडी आत वजा करा आणि प्रत्येक मशीनचा खऱ्या मापाचा पुठ्ठा कापून ठेवा. मग ८ बाय ४ फुटांचा प्लायचा तुकडा नव्हे, अख्खा शीट दोघांनी धरून आत आणा, वळवा, टेबल सॉच्या (टेबलातून वर पाते आलेल्या करवतीच्या) पुठ्ठ्यावरून पुढे सरकवा. अडचण कुठे आहे ते पाच मिनिटांत कळते.

सगळ्यात जागा खाणारे मशीन म्हणजे टेबल सॉ. आठ फुटी शीट लांबीत चिरायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. उभे राहायची जागा धरून हे १८ ते १९ फूट होतात. म्हणजे २० फूट लांबीत तो कसाबसा मावतो, तेही लांबीच्या मधोमध आणि तोंड दाराकडे ठेवल्यास. दार उघडले की शीटचे पुढचे टोक बाहेर जाऊ शकते, आणि याच कारणासाठी दार लांबीच्या टोकाला, किमान सहा फुटी, दोन पल्ल्यांचे ठेवा. बाजूच्या भिंतीत ठेवलेले दार या कामाला निरुपयोगी ठरते. कापलेला माल झेलणारे टेबल सॉच्या पृष्ठभागापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली हवे. बरोबरीने ठेवले तर जमीन जराशी कमी-जास्त असली तरी शीटची कड त्याला अडते आणि माल पात्यावर तिरका होतो.

बँड सॉ, उभे ड्रिल, ग्राइंडर भिंतीला लावून चालतात. दोन मशीनच्या मध्ये तीन फूट वाट सोडा. उंची आतून दहा फूट असेल तर आठ फुटी फळी उभी फिरवताना दिव्याला लागत नाही. फक्त हाताची अवजारे वापरणार असाल तर १० बाय १२ फूटही छान पुरतात.

प्रश्न: गवंडी म्हणतो, भरावावर तीन इंच पीसीसी (सळयांशिवायचे साधे काँक्रीट) ओतून वर कोबा केला की झाले. ऐकावे का?

ऐकू नका. सगळ्या बांधकामात नंतर दुरुस्त न करता येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे जमीन. पत्रा बदलता येतो, वायरिंग बदलता येते, पण खचलेल्या जमिनीवर मशीनची पातळी पुन्हा पुन्हा बिघडत राहते.

वरची काळी किंवा भुसभुशीत माती काढून टाका. भराव सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, दाबयंत्राने दाबा. दोन फूट भराव एकदम टाकून वरून दाबला तर वरचे सहा-आठ इंचच घट्ट होतात आणि खालचा भाग पहिल्या पावसाळ्यात बसतो. त्यावर चार ते सहा इंच खडीचा दाबलेला थर, वर बारीक चुरीचा हलका थर, आणि त्यावर २०० मायक्रॉन किंवा जाड प्लास्टिकचा कागद पसरा. जोड एक फूट एकावर एक घेऊन चिकटपट्टी लावा. खडी टोकदार असेल तर चुरीशिवाय कागद फाटतो, आणि फाटलेला कागद असून नसल्यासारखा.

स्लॅब चार इंच, एम-२० प्रतीचा (हा काँक्रीटच्या मजबुतीचा दर्जा). भिंती हलक्या सांगाड्याच्या असतील तर चारही कडांना एक फूट रुंद आणि एक फूट खोल जाड पट्टा द्या. विटांच्या भिंती असतील तर त्यांना स्वतंत्र पाया हवा. १२ बाय २० फुटांच्या जमिनीला स्लॅबचे सव्वादोन घनमीटर आणि कडांचे साधारण सव्वा, नासधूस धरून साडेतीन घनमीटर काँक्रीट लागते. १ : १.५ : ३ या प्रमाणाने हे ५० किलोच्या २८ गोणी सिमेंट, दीड घनमीटर वाळू आणि तीन घनमीटर खडी इतके होते. ८ मिमीच्या सळया दोन्ही दिशांनी ८ इंचांवर बांधल्या तर सुमारे ९० किलो लोखंड लागते. कडांच्या सळया वेगळ्या. सळयांखाली त्यांना उचलून धरणारे ५० मिमीचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, हवेतच. जाळी नुसती जमिनीवर टाकून ‘ओतताना वर खेचतो’ असे कोणी म्हणाले तर मान्य करू नका. ती खालीच राहते आणि तडे थांबवण्याच्या कामी येत नाही.

एका गोणीला पाणी २५ लिटरच्या आसपास. कामगारांना पातळ माल पसरायला सोपा जातो, पण जादा पाणी उडून गेले की स्लॅब आकसतो, तडकतो आणि वरचा थर पिठासारखा निघतो. २० फूट लांबीच्या मध्यावर, दुसऱ्या दिवसाच्या आत, एक इंच खोल काप मारा, म्हणजे तडा पडायचाच तर तो त्या कापात पडेल. किमान सात दिवस पाणी मारत राहा. जमिनीची वरची पातळी बाहेरच्या मातीपेक्षा सहा इंच उंच ठेवा. आणि ओतण्याआधी केबलसाठी दोन इंची दोन पाइप खालून काढून ठेवा, एक आजच्यासाठी, एक पुढे लागेल त्यासाठी.

एक टनाचा लेथ बसवायचा असेल तर त्या जागी स्लॅब सहा इंच करा.

प्रश्न: पत्र्याच्या शेडमध्ये अवजारांना गंज चढतो. छत गळत नाही, तरी सकाळी टेबलावर थेंब असतात. नवीन वर्कशॉपमध्ये हे कसे टाळावे?

ते पावसाचे पाणी नाही, हवेतले आहे. उघडा पत्रा रात्री आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतली दमट हवा त्याला लागली की खालच्या बाजूला दव धरते आणि ठिबकते. यावर पत्र्याला आतून नुसता रंग देऊन उपयोग नाही. पत्र्याखाली दोन इंच इन्सुलेशन हवे, आणि त्याची वाफ अडवणारी बाजू खोलीकडे हवी. ती उलटी बसवली तर ओल इन्सुलेशनमध्येच साठते. कैचीच्या (छताच्या त्रिकोणी सांगाड्याच्या) दोन्ही टोकांना, वरच्या बाजूला, जाळी लावलेले झरोके ठेवा.

जमिनीचा संशय असेल तर साधी चाचणी करा. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी पट्टीने घट्ट चिकटवा आणि १६ तासांनी पाहा. कागदाच्या खालून थेंब धरले असतील, काँक्रीट काळपट झाले असेल, तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला दमट असेल तर ती हवेतून येते. पहिल्या बाबतीत दोष प्लास्टिकच्या थराचा किंवा बाहेरच्या निचऱ्याचा. दुसऱ्या बाबतीत दमट दिवसांत दारे बंद ठेवणे हाच उपाय, कारण गरम दमट वारा थंड जमिनीवर आणि बिडाच्या टेबलावर आला की तिथेच पाणी सोडतो. अनेक जण नेमके याच दिवसांत ‘हवा खेळू दे’ म्हणून दार सताड उघडे टाकतात. आतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली तर गंज फारसा चढत नाही. साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावा, म्हणजे दार कधी उघडायचे याचा अंदाज करावा लागणार नाही.

प्रश्न: घरातून एक्स्टेंशन ओढून काम भागेल का? अंतर २५ मीटर आहे.

दिवा आणि हातड्रिल चालेल, मशीन नाही. एकटा माणूस एका वेळी एकच मशीन चालवतो हे खरे, पण सॉबरोबर धूळ ओढणारा कलेक्टर चालू असतो आणि मध्येच कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो. २३० व्होल्टला दोन हॉर्सपॉवरची मोटर दहा अँपिअरच्या आसपास घेते. कलेक्टरचे सहा आणि कॉम्प्रेसरचे दहा धरले की २६ झाले.

तांब्याच्या केबलमध्ये २५ मीटरवर २६ अँपिअरला व्होल्टेज किती पडते ते पाहा: २.५ चौ.मिमी. मध्ये सुमारे १२ व्होल्ट, ४ मध्ये ७, ६ मध्ये पावणेपाच. म्हणून ६ चौ.मिमी. घ्या. दीड चौ.मिमी.च्या एक्स्टेंशनवर दहा अँपिअरची मोटर सुरू होताना क्षणभर ५० अँपिअर मागते, तेव्हा ३६ व्होल्ट वाटेतच जातात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे तो जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतो. मोटर गुरगुरते, वेग धरत नाही, आणि वाइंडिंग तापून जळते.

आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल अडीच फूट खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा किंवा इशाऱ्याची पट्टी. वर्कशॉपमध्ये स्वतंत्र डीबी (वीज वाटपाची पेटी), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि मोटरच्या सर्किटला सी-प्रकारचे एमसीबी, म्हणजे सुरू होतानाचा क्षणभराचा जादा प्रवाह सोसणारे. बी-प्रकारचे सुरू होतानाच पडत राहतात. दिव्यांचे सर्किट मशीनच्या आरसीसीबीवर घेऊ नका: तो पडला की फिरत्या पात्यासमोर तुम्ही अंधारात उभे असाल. प्रत्येक मोठ्या मशीनला नो-व्होल्ट स्विच हवा, म्हणजे गेलेली वीज परत आल्यावर मशीन आपोआप फिरायला लागणार नाही. केबल, अर्थिंग आणि जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

उजेडाचा हिशोब छोटा आहे. २२ चौरस मीटरला ५०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) म्हणजे ११,००० ल्युमेन, म्हणजे एकूण प्रकाश. कामाच्या पातळीवर त्यातला साठेक टक्केच पोहोचतो, म्हणून १८,००० बसवा: २,००० ल्युमेनच्या नऊ एलईडी ट्यूब. भिंती पांढऱ्या.

प्रश्न: लाकूडकाम आणि वेल्डिंग एकाच खोलीत चालेल का?

एवढ्या लहान खोलीत नाही. वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या ठिणगीपासून ३५ फुटांपर्यंत जळणारे काही नको, असा सर्वमान्य नियम आहे आणि तुमची खोलीच २० फुटांची आहे. दाराबाहेर काँक्रीटचा सहा फुटी ओटा करून तिथे वेल्डिंग करा. ग्राइंडर धूळ ओढणाऱ्या कलेक्टरला कधीही जोडू नका. एक ठिणगी भुशाच्या पिशवीत तासन् तास धुमसते आणि तुम्ही कुलूप लावून गेल्यावर पेटते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकीही गोळा करून टाकली की आपोआप पेटू शकतात. ती बाहेर पसरून वाळवा.

प्रश्न: बांधकामाऐवजी २० फुटी जुना कंटेनर आणून ठेवला तर?

धातूकाम, सायकल दुरुस्ती, साठवण यांना चालेल. आतली रुंदी २.३५ मीटर असते. दोन फुटी टेबल एका बाजूला लावले की प्लायचा शीट आत आडवा फिरत नाही, म्हणून सुतारकामाला नाही. दव धरण्याचा त्रास साध्या पत्र्यापेक्षा जास्त, कारण झरोके अगदीच छोटे असतात. तळाच्या प्लायवर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून तो घासू-तासू नका, वर दुसरा थर टाका. आणि त्याची दारे फक्त बाहेरून बंद होतात व उघडतात. वाऱ्याने किंवा कोणाच्या हाताने दांडा पडला तर आतला माणूस अडकतो. त्यामुळे आत पहिले काम सुरू करण्याआधी बाजूला माणसाच्या मापाचे, आतून उघडणारे दार कापून घ्या.