डहाणूच्या नव्या बाईंना

चि. नव्या बाईंना,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन इयत्ता एकाच खोलीत, पोषण आहाराच्या नोंदी, 'माहिती आजच सादर करा' असे निरोप, आणि ती माहिती पाठवायला रेंज हवी म्हणून टेकडी चढायची. "रोज तेच ते, बाई. आतून कोरडी पडत चाललेय," असं लिहिलंयस. पहाटे पाचला उठ, ध्यान कर, असलं काही मी सांगणार नाही. निवृत्त मास्तरणीला सल्ल्याची खाज असते, पण तुझ्या झोपेवर मी उठणार नाही.

तुमच्या शाळेसमोर झेंड्याचा खांब असेलच. पावसानं उघडीप दिली की दुपारच्या सुट्टीत पोरांना घेऊन त्याच्या बुडाशी जा. खांबाची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा तिच्या टोकाला खडा ठेवायला सांग. घड्याळात बारा वाजलेले असतात तेव्हा ती आखूड होत नाही, हे पोरांनाच शोधू दे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं, आणि तू बसलीस पार पश्चिमेच्या किनाऱ्याला. तुझ्याकडे सूर्य माथ्यावर यायला जुलैत पाऊण वाजतो.

आता खरी गंमत. सावली कुठल्या दिशेला पडते ते बघ. जून-जुलैत तुझ्या अंगणात भरदुपारची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य तुमच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. जुलैच्या बावीस-तेवीसच्या सुमाराला तो परतीच्या वाटेवर नेमका माथ्यावर येतो आणि सावली खांबाच्या बुडाशी गडप होते. असं वर्षातून दोनदा होतं. एकदा मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. आणि एकदा ऐन पावसात, तेव्हा ढग. निसर्गानं वेळापत्रक करताना शिक्षण खात्याला विचारलं नाही! त्यानंतर सावली उत्तरेला वळते आणि वाढत जाते. खांब पंधरा फुटांचा असेल तर जूनअखेरीस ती जेमतेम फूटभर असते. डिसेंबरच्या बावीस तारखेला चौदा फुटांपर्यंत जाते. दर सोमवारी एक खडा, एवढंच काम. साताऱ्याकडच्या माझ्या शाळेत मी हे करायचे. ज्या पोराला पाढे पाठ होत नसत, तोच सकाळी येऊन सांगायचा, "बाई, आज खडा इथं येणार," आणि बोट ठेवायचा. कधी बरोबर यायचं, कधी चार बोटं चुकायचं. त्या चार बोटांवर जे भांडण व्हायचं, त्यात मला शिकवायला काही उरायचं नाही.

साहित्याचं अनुदान आलं नाही म्हणून तू हिरमुसलीयस. तू ज्या तालुक्यात आहेस ना, तिथेच बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम मांडलं. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हेच शिकवण्याचं साहित्य केलं. पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं शाळेपर्यंत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. एखाद्या रविवारी कोसबाडला जाऊन ये. नुसतं प्रेरणा वगैरे घ्यायला नको गं, बघायला जा.

आणि वारल्यांच्या पाड्यातल्या भिंती बघ. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप, वर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, पूर्वी सवाशिणीच लिहायच्या, तोही लग्नापुरता. तुमच्याच डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे लग्नकार्याची वाट न बघता रोज चितारू लागले आणि तीच कला जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची माणसं बघ, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केलेले. तुझी चौथीची पोरं ती हसतखेळत काढतील. मग त्रिकोणाचा पाठ फळ्यावरून कशाला सुरू करायचा? आधी त्यांच्या आज्यांना बोलाव. तू खाली बस, आज्यांना शिकवू दे.

माझं म्हणशील तर मी अजून रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढते. सात ते एक. गुडघे कुरकुरतात, म्हणून आता स्टुलावर बसून काढते. ठिपके तेच, पण कुठून कुठे रेघ न्यायची ते रोज बदलायचं, एवढा एकच नियम मी स्वतःला घातलाय. शेजारीण म्हणते, बाजारात साचे मिळतात. मिळू देत.

एकच बजावते. यातलं काहीही 'उपक्रम' म्हणून करू नकोस. फोटो काढून गटावर टाकलास की दुसऱ्या दिवशी अहवाल मागतील, तिसऱ्या दिवशी तालुकाभर सक्ती होईल, आणि खडे मोजायला तक्ता येईल. मग ते खडे तुलाही नकोसे होतील आणि पोरांनाही. काही गोष्टी वर्गाच्या आतल्या आत राहू द्याव्यात. साहेब आले आणि खड्यांची रांग बघून विचारलंच, तर सांग, पोरं खेळतात. ते खोटंही नाही.

वही मात्र ठेव, शंभर पानी, साधी. रोज एक ओळ: आज पोरांपैकी कोण काय बोललं. हजेरीच्या वेळेलाच लिहून टाक, घरी नेशील तर राहून जाईल. दिवाळीत इकडे आलीस की मला वाचून दाखव. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन तोवर झालेलं असेल, तरी तूच वाच.

येताना चिकू आण. तुमच्या घोलवडसारखे इकडे मिळत नाहीत.

तुझी,
बाई