टीबीच्या लॅबमध्ये पोस्टडॉक: तिकीट काढण्याआधी

एमबीबीएस, मग पीएचडी, आणि आता बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या टीबी लॅबची ऑफर. निघायला सात महिने आहेत, आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

व्हिसा बहुधा जे-१, म्हणजे संशोधक-विद्यार्थ्यांसारख्या पाहुण्यांसाठीचा अमेरिकेचा एक्स्चेंज व्हिसा, असेल. कमाल मुदत ५ वर्षं. तो संपला की २४ महिने पुन्हा त्याच श्रेणीत येता येत नाही. ज्या देशांच्या लोकांना कौशल्यामुळे परत जावं लागतं त्यांची अमेरिकेची यादी म्हणजे स्किल्स लिस्ट; डिसेंबर २०२४ मध्ये भारत तिच्यातून वगळला गेला, त्यामुळे त्या कारणाने दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आता लागत नाही. फुलब्राइटसारखी सरकारी पाठ्यवृत्ती घेतलीत तर मात्र लागते. आणि डॉक्टर असलात तरी या व्हिसावर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत.

खरा वेळ जातो तो लसींच्या कागदांत. हिपॅटायटिस बी आजच सुरू करा: ०, १ आणि ६ महिने, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, १० mIU/mL किंवा जास्त हवं. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस आणि कांजिण्यांचा पुरावाही मागतात. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर अँटिबॉडी तपासून घ्या.

बीसीजी लशीमुळे मँटू, म्हणजे त्वचेवरची टीबी चाचणी, खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची इग्रा चाचणी मागा. ती एमएमआरच्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवड्यांनी; मधल्या काळात निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका, आपल्याकडच्या बऱ्याच जणांची येते. छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर काम सहसा अडत नाही. रिपोर्ट मात्र जपा, पुढे संसर्ग लॅबमध्ये झाला की आधीचाच होता हे त्यावरूनच ठरतं.

बीएसएल-३, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या धोकादायक जंतूंसाठीच्या बंदिस्त लॅबमध्ये, जायला एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची फिट टेस्ट लागते. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. काढायची नसेल तर हवा पुरवणारं हूड, म्हणजे पीएपीआर, मिळेल का हे आधीच ईमेलने विचारा.

एक वर्षाचा करार असेल तर नूतनीकरणाचं लेखी घ्याच. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला २० तासांच्या आसपास घेतो, प्लेटवर कॉलनी मोजायला तीन-चार आठवडे. एक कल्चर बुरशीने गेलं की महिना गेला.

जंतूंचे नमुने (स्ट्रेन) सामानातून कधीच नेऊ नका. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचं आयात परमिट आणि भारतातल्या परवानग्या लागतात. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात हॉपकिन्सचं संयुक्त संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांना हा व्यवहार विचारून ठेवा.